बंद हॉटेलची रोजची चिठ्ठी

नोकरीत हाताखालून गेलेले बहुतेक गुन्हे मी विसरलो. नावे विसरलो, कलमे विसरलो, काहींचा निकाल काय लागला तेही आता सांगता येणार नाही. हा एक मात्र विसरता येत नाही. एक तर ती इमारत अजून उभी आहे आणि भाजी आणायला निघालो की रोज समोर येते. दुसरे म्हणजे त्या गुन्ह्याच्या कागदांत माझी स्वतःची सही अशा जागी सापडली, जिथे ती नको होती.

नावे कुणाचीच लिहीत नाही. माणसे इथलीच आहेत.

गोंदिया स्टेशनातून बाहेर पडून बाजाराकडे चालू लागले की ते तीन मजली हॉटेल लागते. पुढच्या बाजूला गोल गॅलऱ्या, दुसऱ्या मजल्याच्या भिंतीतून बाहेर आलेला पिंपळ, खाली बंद शटर आणि शटरला टेकून लावलेल्या फळांच्या गाड्या. वर एक मोठा बोर्ड आहे, इथे व्यापारी संकुल होणार म्हणून. माझ्या पाहण्यातला हा तिसरा बोर्ड. बिल्डर बदलतो, चित्रातल्या काचेच्या इमारतीचा रंग बदलतो, पिंपळ तेवढा वाढत राहतो.

एके काळी हे हॉटेल शहरातले पहिल्या नंबरचे होते. धानाचे व्यापारी, तेंदूपत्त्याच्या लिलावाला आलेले ठेकेदार, लग्नाची वऱ्हाडे, सगळी तिथे उतरायची. बालाघाटकडे जाणारी छोट्या लाइनीची, म्हणजे अरुंद रुळांवरची गाडी सकाळी सुटायची, म्हणून मोठ्या गाडीने आलेल्या माणसाला एक मुक्काम करावाच लागायचा. त्या मुक्कामावर हॉटेल उभे होते. पुढे ती लाइन मोठी झाली, लागोपाठ गाड्या मिळू लागल्या आणि मुक्कामाची गरज संपली. नवी हॉटेले रिंग रोडला गेली. जुने मालक वारले, वारसांचे पटेना, एक नागपूरला, एक रायपूरला, एक कुठे. आधी जेवणाचा हॉल बंद झाला, मग वरचा मजला, मग सगळेच.

राहिले फक्त मॅनेजरबाबू.

मॅनेजरबाबूंची आणि माझी ओळख मी पोलीस होण्याच्या आधीची. मी मूळचा जत तालुक्याचा, सांगलीकडचा. नववीत शाळा सोडली. त्या वेळी सातवी पासवर भरती व्हायची आणि भंडारा जिल्ह्यात जागा जास्त आहेत असे कोणीतरी सांगितले. गोंदिया तेव्हा भंडाऱ्यातच होते. दोन दिवस गाड्या बदलत निघालो. भंडारा नावाचे स्टेशन येईल म्हणून खिडकीत जागा धरून बसलो होतो. आता कळते की भंडाऱ्याला उतरायचे म्हणजे वरठीला, तिथल्या पाटीवर भंडारा रोड लिहिलेले. मला वाटले, हा नुसता भंडाऱ्याला जाणारा रस्ता असेल, गाव पुढे असेल. बसून राहिलो. गाडी गोंदियाला येऊन पोहोचली तेव्हा दिवेलागण झाली होती. सगळे हिंदी बोलत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानात हजर व्हायचे होते आणि मी साठ-सत्तर किलोमीटर पुढे येऊन पडलो होतो.

त्या हॉटेलच्या पायरीवर रडत बसलो होतो हे लिहायला लाज वाटत नाही. आतून एक पांढऱ्या शर्टातला सडपातळ माणूस आला.

"काऊन रडतेस?"

मी सांगितले. तो हसला नाही, एवढेच त्याचे उपकार मी जन्मभर मानीन. सामानाच्या खोलीत खाट दिली. पण आधी काउंटरवर नेले, मोठे रजिस्टर उघडले आणि माझे नाव, वय, गाव, काम, सगळे विचारून लिहिले.

"फुकटचा मुसाफिर बी मुसाफिरच असते," तो म्हणाला. "उद्या तू पोलीस झाला न, तं हेच रजिस्टर तपासाले येशील."

सकाळी त्याने स्वतः मला स्टेशनवर नेऊन उलट भंडाऱ्याकडे जाणाऱ्या गाडीत बसवले. गाडी फलाटावर लागलेलीच होती, आम्ही धावत गेलो. मी भरती झालो. तो म्हणाला तसेच झाले, काही वर्षांनी मी ते रजिस्टर तपासायला गेलो.

इथे वाचकांना एक पद्धत सांगायला हवी. प्रत्येक लॉज-हॉटेलने रोज संध्याकाळी पोलीस ठाण्यात एक चिठ्ठी द्यायची असते. आज किती मुसाफिर आले, कोण, कुठून, किती गेले. कोणी आले नसेल तर 'निरंक' लिहायचे. ठाण्यातला दिवसपाळीचा अधिकारी त्यावर 'पाहिले' म्हणून सही करतो आणि चिठ्ठी भिंतीवरच्या तारेत खोवली जाते. तार भरली की गठ्ठा बांधून कपाटावर. फरारी आरोपी सापडावा म्हणून ही पद्धत. खरे सांगायचे तर आमच्याकडे या चिठ्ठीमुळे आरोपी सापडल्याचे मी पाहिले नव्हते.

हॉटेल बंद झाल्यावरही मॅनेजरबाबू रोज संध्याकाळी चालत यायचे. धुतलेला पांढरा शर्ट, हातात घडी घातलेली चिठ्ठी. त्यावर एकच शब्द, निरंक. ठाण्यातली नवी पोरे हसायची.

"बाबू, भुतं उतरतेत का हॉटेलात?"

"लायसन परत नाही केलं मालकायनं," ते शांतपणे सांगायचे. "लायसन हाय तोवर हॉटेल हाय. चिठ्ठी कशी बंद करू जी?"

वर्षानुवर्षे हे चालले. मी देवरीला गेलो, अर्जुनी मोरगावला गेलो, तिथल्या प्रतापगडच्या यात्रेचे बंदोबस्त केले, खात्याच्या परीक्षा धडपडत दिल्या आणि शेवटची काही वर्षे उपनिरीक्षक म्हणून परत शहरात आलो. मॅनेजरबाबूंचे केस पांढरे झाले होते. चिठ्ठी येतच होती.

निवृत्तीला दोनेक वर्षे राहिली असतील. एके दुपारी बीटचा हवालदार आला. हा हवालदार आमगावकडचा, तोंडाने फटकळ, कामाला वाघ.

"साहेब, हॉटेलसमोरचा केलेवाला काही तरी सांगून राहिला. बोलवू का?"

केळेवाला आला. खुर्चीवर बसेना.

"साहब, अपने को क्या करना है, पर ऊपर कोई था. दूसरे माले की खिड़की में चड्डी-बनियान सूखती थी. हफ्ता-दस दिन. अब नहीं सूखती."

"मॅनेजरचे असतील कपडे."

"साहब, वो बुढ़उ की बनियान मैं बीस साल से पहचानता हूँ. ये लाल चड्डी थी."

हवालदार हसला. मीही हसलो असेन. खबरीची नोंद स्टेशन डायरीला घेतली आणि उद्या पाहू म्हणून सोडून दिली.

दुसऱ्याच दिवशी फिर्याद आली. जुन्या मालकांचा पुतण्या, वारसांपैकी एक, नागपूरहून वकिलाला घेऊन आला. हॉटेल विकायचे ठरले होते, बिल्डरला रिकामा ताबा द्यायचा होता, म्हणून पाहणी केली तर वरच्या दोन मजल्यांचे सागवानी दरवाजे चौकटींसह गायब, पितळी कड्या, कोयंडे, नळ गायब, पाणी तापवायचा तांब्याचा मोठा बंब गायब. चाव्या फक्त मॅनेजरकडे. संशय मॅनेजरवर.

"मुझे तो विश्वास नहीं होता," तो म्हणाला, रुमालाने चष्मा पुसत. "चाचाजी का आदमी. पर बुढ़ापे में नीयत बदल जाती है."

मी पंचनाम्याला गेलो. वरचे दोन्ही मजले फिरलो. दरवाजे काढलेल्या खोल्या रांगेने उघड्या होत्या, भिंतींत चौकटींच्या जागी विटा दिसत होत्या. कबुतरे आतबाहेर करत होती. एका खोलीत मात्र झाडलेले, कोपऱ्यात बिडीची थोटके, पाण्याची रिकामी बाटली. कोणीतरी राहिले होते हे उघड होते. खाली काउंटरवर रजिस्टर नव्हते.

"रजिस्टर कुठे आहे?" मी मॅनेजरबाबूंना विचारले.

"मालकाच्या घरी गेलं."

पुतण्या पटकन म्हणाला, "झूठ. मेरे पास कोई रजिस्टर नहीं आया."

मी लिहून घेतले : चालू रजिस्टर मिळून येत नाही. हे एक वाक्य मॅनेजरबाबूंच्या विरोधात किती जड आहे, हे लिहितानाच कळत होते.

त्यांना चौकशीला ठाण्यात बोलावले. पहिल्या दिवशी चहा पाजून विचारले. दुसऱ्या दिवशी चहा न देता. माझी अवस्था वाईट होती. हा माणूस माझ्या ओळखीचा आहे हे ठाण्यात सगळ्यांना माहीत. सोडला तर म्हणतील साहेबाने वाचवला, धरला तर माझे मला माहीत. आधीच कमी शिकलेला म्हणून मी कागदाला घाबरणारा माणूस. प्रत्येक जबाब आधी कच्च्या कागदावर लिहायचो, मग पक्का करायचो. त्या दोन दिवसांत कच्चे कागद संपले, पक्क्यावर एक ओळ चढली नाही.

"वर कोण राहत होते?"

"हॉटेलात मुसाफिर राहते जी. दुसरं कोण राहीन?"

"नाव सांगा."

"मुसाफिराचं नाव मी तोंडानं नाही सांगत. कोण आला, कोणासंगं आला, मोठ्या मालकानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, काउंटरच्या बाहेर बोलाचं नाही."

"मी पोलीस आहे, बाबू."

"म्हणून तं तुमाले चिठ्ठी देतो."

मी चिडलो. दोन दिवसांचा थकवा, ठाणेदारांचे फोन, पुतण्याच्या वकिलाच्या फेऱ्या, सगळे एकदम बाहेर आले.

"रोज निरंक लिहून देता आणि वर माणूस ठेवता? हीच का तुमची चिठ्ठी?"

त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिले. मग खाली बघून म्हणाले, "पाहिलं म्हणून सही हाय तुमची, साहेब."

मला वाटले टोमणा मारला. उठून बाहेर आलो. मागून हवालदार आला.

"साहेब, बुढा बोलूनच नाही राहिला. दोन लावू का?"

"हात लावशील तर बघ."

"मी कायले लावतो जी? विचारून राहिलो फक्त." मग आवाज खाली करून म्हणाला, "पण ठाणेदार साहेब म्हणून राहिले, संध्याकाळपर्यंत अटक दाखवा. बिल्डरचाबी फोन आला म्हणते."

अटक दाखवली की पुढे काय होणार हे मला पाठ होते. मॅनेजरबाबू हॉटेलच्या मागच्या खोलीत राहायचे, तिच्याशिवाय त्यांना घर नव्हते. अटक झाली की खोलीला कुलूप, बिल्डरला रिकामा ताबा, आणि वर्तमानपत्रात चार ओळी : जुन्या नोकराकडूनच चोरी. जामिनावर सुटून आले तरी उभे राहायला पायरी उरणार नव्हती. आणि ती पायरी कोणती, हे माझ्याइतके कोणाला माहीत असणार?

अटकेच्या कागदावर आधीच्या वर्तणुकीबद्दल लिहायचे होते. मी मनात म्हटले, निदान एवढे तरी लिहू, की हा माणूस हॉटेल बंद झाल्यापासून रोज न चुकता चिठ्ठी देतो. पुरावा म्हणून मागच्या महिन्याच्या चार-सहा निरंक चिठ्ठ्या जोडू. थोडे तरी बरे दिसेल. म्हणून उठून भिंतीवरची तार काढली.

सगळ्या लॉजच्या चिठ्ठ्या त्यात होत्या. मॅनेजरबाबूंचा कागद ओळखू यायचा, जुन्या बिलबुकाच्या पाठकोऱ्या पानांचे सारखे कापलेले तुकडे. एक काढली, निरंक. दुसरी, निरंक. तिसरी काढली आणि खिडकीजवळ नेऊन वाचली.

'आले : एक.' खाली नाव. वय. कुठून आला, रायपूर. काम : इमारतीची मोजणी. कोणाच्या सांगण्यावरून : मालकांचे पुतणे, सोबत पत्र. गाडी : पिकअप, आणि गाडीचा नंबर. सोबत ओळखपत्राची झेरॉक्स टाचलेली. कोपऱ्यात 'पाहिले', आणि माझी सही.

पुढची चिठ्ठी : 'मुक्कामी : एक. गाडी दुपारी मागच्या गल्लीतून भरून गेली. काय भरले विचारले असता जुने लाकूड सांगितले.' पाहिले. माझी सही.

अशा ओळीने नऊ चिठ्ठ्या निघाल्या. शेवटची : 'गेले : एक. मालकांचे पुतणे स्वतः आले, रजिस्टर घेऊन गेले.' दोन चिठ्ठ्यांवर दुसऱ्या अधिकाऱ्याची सही होती. सातांवर माझी.

म्हणजे एक म्हातारा माणूस रोज संध्याकाळी चालत येऊन, चोरी चालू असताना, चोराचे नाव, पत्ता आणि गाडी नंबर आमच्या हातात देत होता. आणि मी गठ्ठा पुढ्यात ओढून, फोनवर बोलत, एकामागून एक सह्या ठोकत होतो. तो आमच्यापासून काही लपवत नव्हता. आम्ही वाचत नव्हतो.

चिठ्ठ्या घेऊन आत गेलो. त्यांच्यासमोर टेबलावर ओळीने मांडल्या.

"आता वाचल्या," मी म्हणालो.

"मंग आता विचारा," ते म्हणाले, आणि पाणी मागितले.

पुढे तासभर ते बोलले आणि मी लिहिले. एक तारीख चुकली नाही, एक वेळ चुकली नाही. पुतण्याचे पत्र घेऊन माणूस आला. मोजणी आहे म्हणाला. मोजता मोजता दरवाजे उतरवू लागला. बाबूंनी पुतण्याला फोन केला तर तो म्हणाला, घर माझे आहे, तुम्ही आपले काम करा. बाबूंनी आपले काम केले, म्हणजे चिठ्ठी लिहिली.

"मला तोंडी का नाही सांगितले? माझ्याकडे यायचे ना एकदा."

"रोजच तं येत होतो जी." मग म्हणाले, "मालकाच्या घरचा हाय तो. त्या घरचं मीठ खाल्लं. माझ्या तोंडून त्याचं नाव निघालं असतं तं मोठ्या मालकाले काय तोंड दाखवलं असतं? पण चिठ्ठी खोटी नाही लिहू शकत. मी लिहीन, तुमी वाचान, असं वाटलं होतं."

त्याच संध्याकाळी गाडी नंबरवरून फोन फिरवले. दुसऱ्या दिवशी छत्तीसगडच्या हद्दीतल्या एका गावात जुन्या सागवानाच्या व्यापाऱ्याचे गोदाम गाठले. आत पत्र्याखाली दरवाजे एकावर एक टेकवून उभे होते. प्रत्येकावर पितळेचा खोली नंबर तसाच. हवालदार एकेक नंबर मोठ्याने वाचत गेला, दोनशे एक, दोनशे दोन, आणि शेवटी म्हणाला, "साहेब, पूरं हॉटेलच उभं हाय इथं. फक्त चहा सांगा."

व्यापारी घाबरला नाही. "साहब, मालिक ने खुद बेचा है. ये देखो, उनका कागज, उनकी सही."

पुतण्याने इतर वारसांना अंधारात ठेवून माल परस्पर विकला होता, आणि विक्रीच्या वेळी दरवाजे कुठे गेले म्हणून ते विचारतील, तेव्हा मॅनेजरकडे बोट दाखवायची सोय करून ठेवली होती. म्हातारा तुरुंगात, ताबा रिकामा, हिशोब मिटला. रजिस्टर नेले की झाले, असे त्याला वाटले. चिठ्ठीची पद्धत त्याला माहीतच नव्हती. तो हॉटेलवाल्यांच्या घरात जन्मला खरा, पण काउंटरवर कधी उभा राहिला नव्हता.

इथे गोष्ट संपली असती तर मी ती लिहायला बसलो नसतो.

आमचे ठाणेदार माणूस वाईट नव्हते. त्यांनी मला आत बोलावले, दार लोटले आणि म्हणाले, "काम चांगले झाले. पण या चिठ्ठ्या कागदात आणू नका. गाडी नंबर गुप्त खबऱ्याकडून मिळाला, असे लिहा. मुद्देमाल हातात आहे, पुरे."

मी हातातल्या चिठ्ठ्या सरळ करत राहिलो.

"अहो, तुमच्या सात सह्या आहेत. दोन वर्षे राहिलीत. विभागीय चौकशी लागली तर पेन्शन अडकेल. मी तुमच्याच भल्याचे सांगतो."

ते खरेच माझ्या भल्याचे होते. मी त्यांचे आभार मानले आणि बाहेर आलो. त्या दुपारी मी जेवलो नाही. घरी पत्नीलाही बोललो नाही. पेन्शन म्हणजे काय, हे माझ्यासारख्या नववी सोडलेल्या माणसाला विचारावे. दुसरे काही करता येण्यासारखे माझ्या हातात नव्हते. गावी भावाच्या वाट्याला कोरडवाहू तुकडा, इथे दोन खोल्यांचे घर. एका बाजूला ते. दुसऱ्या बाजूला हे, की चिठ्ठ्या नसतील तर पुतण्याचा वकील कोर्टात पहिला प्रश्न विचारणार : चाव्या मॅनेजरकडे, दरवाजे उतरवले मॅनेजरसमोर, मग तो गप्प का राहिला? तो सामील होता. आणि याला उत्तर म्हणून बाबूंकडे त्या कागदाच्या नऊ तुकड्यांशिवाय काहीही नव्हते.

भरती झालो तेव्हा भंडाऱ्याच्या ठाण्यात एक म्हातारे मोहरर होते, लिखापढी बघणारे. मला लिहायला त्यांनीच शिकवले. ते म्हणायचे, जे झाले ते लिही, शब्द मी दुरुस्त करीन. त्या दुपारी कच्चा कागद घेतला नाही. सरळ केस डायरीत लिहिले : सदर चिठ्ठ्या वेळोवेळी ठाण्यात प्राप्त होत्या. त्यांवर माझी सही आहे. मी त्या न वाचता सही केली. मॅनेजर यांनी पोलिसांपासून काहीही लपवलेले नाही. चिठ्ठ्या पंचांसमक्ष जप्त करून जोडल्या.

ठाणेदारांनी वाचले. पंख्याकडे पाहिले. "शुद्धलेखनाच्या तीन चुका आहेत," ते म्हणाले आणि पुढे पाठवून दिले.

मला सक्त ताकीद मिळाली, सेवापुस्तकात नोंद झाली. पेन्शन अडकली नाही. त्या वेळचे वरिष्ठ, ठाणेदार, सगळ्यांचा मी ऋणी आहे. पण चौकशी चालली ते सहा महिने मी टपालाचा शिपाई दिसला तरी दचकायचो, हेही खरे.

फिर्यादीच आरोपी झाला. मग वारसांची आपसांत बोलणी झाली, केस तारखांवर गेली, अजून कुठे आहे मला ठाऊक नाही. दरवाजे मालखान्यात मावेनात, म्हणून पोलीस लाइनच्या शेडमध्ये ठेवले. बिल्डर निघून गेला. दुसरा आला, त्याचा बोर्ड लागला. इमारत धोकादायक म्हणून नोटीस लागली आणि मॅनेजरबाबूंना शेवटी खोली सोडावी लागली. चोर म्हणून नाही, एवढेच मी म्हणू शकतो.

सील लावायच्या दिवशी बंदोबस्ताला मीच होतो. मुलगी आमगावहून घ्यायला आली होती. "बाबा, चला न आता, आटोवाला खोळंबून राहिला," ती म्हणत होती. बाबूंकडे एक वळकटी आणि एक पत्र्याची ट्रंक. मला बाजूला बोलावून त्यांनी ट्रंक उघडली. आत फडक्यात बांधलेली जुनी रजिस्टरे. त्यांतले एक काढले, खूण घातलेले पान उघडले.

त्यांच्या रेखीव अक्षरात माझे नाव होते. वय. गाव, तालुका जत. कुठे जाणार : भंडारा. काम : पोलीस भरती. आल्याची वेळ. त्यापुढे गेल्याची वेळ आणि सही, हा खाना कोरा.

"गाडी लागली होती, धावपळ झाली," ते म्हणाले. "सही राहूनच गेली. पूऱ्या रजिस्टरात एवढाच एक खाना कोरा हाय. खटकून राहिलं मले इतके वर्षं." खिशातले पेन काढून त्यांनी माझ्यापुढे धरले. "कधी गेले म्हणून टाकायचं, ते तुमीच सांगा."

मी पेन हातात घेतले. जतला आई गेली तेव्हा मी तिसऱ्या दिवशी पोहोचलो होतो. भावाच्या घरी आता पाहुण्यासारखा चहा मिळतो. माझी मुले इथल्यासारखीच 'जाऊन राहिलो', 'खाऊन राहिलो' असे बोलतात, आणि हल्ली मीही बोलतो.

"मी गेलो कुठे, बाबू?" मी म्हणालो आणि पेन परत दिले.

त्यांनी त्या कोऱ्या खान्याकडे पाहिले, मान हलवली आणि रजिस्टर मिटले. "मंग बरोबर हाय."

आटोत बसण्याआधी त्यांनी शर्टाच्या खिशातून घडी घातलेला कागद काढून माझ्या हातात दिला. त्या दिवशीची चिठ्ठी. मागे आटोवाला हॉर्न वाजवत होता, हवालदार सीलची लाख घेऊन वाट पाहत होता, फळवाले गर्दी करून उभे होते. मी चिठ्ठी उलगडली आणि वरपासून खालपर्यंत, तारखेसकट वाचली.

आले : निरंक. मुक्कामी : निरंक. गेले : एक.

मग खाली 'पाहिले' लिहून सही केली.